उंच टाच, ताठ मान

वेश पाहून माणसाची पारख करण्याची सवय सर्वच समाजांत आढळते. गणवेश दिसला की शिस्त, भगवे वस्त्र दिसले की विरक्ती आणि कोट दिसला की अधिकार गृहीत धरला जातो. या गृहीतकांना धक्का देणारे काही समोर आले की पाहणारा गोंधळतो आणि तो गोंधळ लपविण्यासाठी बहुधा हसतो. उंच टाचांचे बूट घालून भर रस्त्याने चालणारा पुरुष हे असेच एक दृश्य आहे. युरोप-अमेरिकेतील शहरांत असे पुरुष अधूनमधून दिसतात. त्यांतले काही कलावंत असतात, काही स्त्रीत्वाची जाणीव घेऊन जगणारे असतात, तर काही चारचौघांसारखे नोकरी आणि संसार सांभाळणारे गृहस्थ असतात. पाश्चात्त्यांचे आणखी एक खूळ म्हणून या प्रकाराची बोळवण करणे सोपे आहे. परंतु हसण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या परंपरेच्या वतीने हसत आहोत, एवढे तरी तपासून पाहायला हवे.

उंच टाच ही मुळात पुरुषाचीच मिरास होती. इराणी घोडेस्वार धावत्या घोड्यावर रिकिबीत उभे राहून बाण सोडीत. पाय रिकिबीतून निसटू नये म्हणून त्यांच्या बुटांना टाच असे. १५९९ मध्ये शाह अब्बासने युरोपातील राजांकडे आपले शिष्टमंडळ पाठविले. त्या सुमारास इराणशी संपर्क वाढत गेला आणि ही टाच युरोपीय सरदारांच्या पायांत आली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तर तांबड्या टाचांसाठी प्रसिद्धच होता. रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेल्या त्याच्या भव्य चित्रात त्या टाचा आजही पाहायला मिळतात. अठराव्या शतकात उपयुक्ततेचे आणि साधेपणाचे वारे वाहू लागले, तेव्हा युरोपातील पुरुषाने दागिने, भडक रंग आणि टाच यांचा हळूहळू त्याग केला. पुढे टाच ही स्त्रियांची मानली गेली. पोलादी दांड्याच्या आधाराने उभी राहणारी सुईसारखी निमुळती टाच तर १९५० च्या दशकातली. म्हणजेच ‘पुरुषाने टाच घालू नये’ हा दंडक सनातन वगैरे काही नाही. तो जेमतेम अडीच-तीन शतकांपूर्वीच्या युरोपीय फॅशनने घालून दिलेला आहे.

या दंडकाची विसंगतीही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील गुराख्याच्या बुटाला आजही टाच असते आणि तो मर्दानीपणाचे प्रतीक समजला जातो. १९७० च्या दशकात जाड तळव्यांचे उंच बूट घालून मिरविणारे तरुण मुंबई-पुण्यातही होते. उंची वाढावी म्हणून बुटाच्या आत छुपी टाच बसवून घेणारे पुरुष तर आजही कमी नाहीत. चोरून घातलेली टाच चालते, उघड घातलेली चालत नाही. आक्षेप टाचेला आहे की प्रांजळपणाला, असा प्रश्न येथे कोणालाही पडावा.

आता प्रत्यक्ष ती पादत्राणे घालणाऱ्याकडे वळू. टाच उंच झाली की शरीराचा भार चवड्यावर येतो, पोटऱ्या आखडतात, घोटा डळमळतो. पाऊल आखूड पडते आणि पाठ आपोआप ताठ धरावी लागते. म्हणून नवखा माणूस आधी रुंद, बुटक्या टाचेवर, घरातल्या सपाट फरशीवर सराव करतो. पायांची ही तालीम काही आठवड्यांत साधते. खरी परीक्षा उंबरठ्याबाहेर असते. पहिल्या दिवशी प्रत्येक खिडकी आपल्याकडे पाहते आहे, टाचेचा प्रत्येक आवाज साऱ्या रस्त्याला ऐकू जातो आहे, असे त्याला वाटते. मान खाली जाते, चाल भराभर होते आणि नेमकी त्यामुळेच ती अधिक लक्ष वेधून घेते. पुढे कधीतरी त्याच्या ध्यानात येते की बहुतेक माणसे आपापल्या विवंचनेत आहेत. जो पाहतो तो क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. हसणारे असतातच, पण त्यांच्या हसण्याने पाय अडखळत नाही. त्या दिवशी मान वर होते. हा आत्मविश्वास चांभाराने टाचेत ठोकून दिलेला नसतो. लोकांची नजर सोसून पुढे चालत राहिल्याची ती कमाई असते.

स्त्रियांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ, तिच्या पादत्राणांत मैलभर चालून पाहण्याचा एक उपक्रम २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्यात पुरुष उंच टाचा घालून घोळक्याने चालतात. उद्देश चांगला आहे. पायाला फोड आल्यावर थोडी सहानुभूतीही जागी होत असेल. परंतु घोळक्यात प्रत्येकाला दुसऱ्याचा आधार असतो. ते हसतात, बघे टाळ्या वाजवितात आणि सायंकाळी टाचा परत खोक्यात जातात. एकटा चालणाऱ्याजवळ ना फलक असतो ना निमित्त. ‘मला आवडते’ एवढेच त्याचे कारण असते आणि नेमके तेवढेच कारण समाजाला पुरेसे वाटत नाही.

याउलट, रंगमंचाचा परवाना असला की तोच समाज उदार होतो. इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पुरुषी बूट बनविणारा एक जुना कारखाना १९९० च्या दशकात अडचणीत आला आणि पुरुषांच्या मापाचे, उंच टाचांचे बूट बनवू लागला. त्या हकिकतीवर आधी माहितीपट, मग २००५ मध्ये ‘किंकी बूट्स’ हा चित्रपट निघाला. पुढे त्यावरून झालेल्या संगीतिकेला २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कारही मिळाला. त्या नाटकाला रोज टाळ्यांचा कडकडाट झाला. पण त्यातल्या नायकासारखा कोणी नाट्यगृहाबाहेर फुटपाथवर दिसला असता, तर त्याच प्रेक्षकांनी काय केले असते, हा प्रश्न उरतोच.

हा दुटप्पीपणा मराठी माणसाला परका नाही. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेत नेसलेल्या शालूंची, माळलेल्या गजऱ्यांची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. १९६४ मध्ये राष्ट्राने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ते योग्यच झाले. परंतु तमाशापटांतून ‘नाच्या’ अजरामर करणारे गणपत पाटील यांच्या वाट्याला मात्र प्रत्यक्ष जीवनात उपहास आणि संशय आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ या २०१० च्या चित्रपटातला गुणा तर शरीर कमावलेला गडी. कलेसाठी तो नाच्या होतो आणि त्याची किंमत त्याला आपल्या घरादारासह मोजावी लागते. एकाच महाराष्ट्राने एकाला डोक्यावर घेतले आणि दुसऱ्याला टोमणे मारले. शालू आणि घुंगरू यांच्यात एवढे अंतर का पडावे, याचा विचार रसिक म्हणविणाऱ्या समाजाने कधी फारसा केलाच नाही.

‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असे ज्यांना वाटते, त्यांनी विराटपर्व पुन्हा एकदा वाचावे. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन वेणी, बांगड्या घालून राजकन्येला नृत्य शिकवितो. कौरवसेना पाहून क्षत्रियवेशातला राजपुत्र उत्तर रथातून उडी टाकून पळतो आणि त्याला परत आणायला बृहन्नडा धावते. तिची वेणी आणि वस्त्रे वाऱ्यावर उडत असतात. ते पाहून कौरवांचे काही सैनिक हसतात, कारण समोर कोण आहे हे त्यांना ठाऊक नसते. थोड्याच वेळात गांडिवाचा टणत्कार त्यांना ते कळवितो. व्यासांनी शौर्य आणि वेश यांची फारकत इतक्या स्पष्टपणे दाखविली असताना, वेणीला हसणाऱ्या सैनिकांच्या पंक्तीत आपण का बसावे?

अर्थात टाचेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. हीच टाच लक्षावधी स्त्रियांच्या पायातली बेडी ठरली आहे. उंच टाचा घालण्यास नकार दिला म्हणून लंडनमध्ये एका स्वागतिकेला कामावरून घरी पाठविण्यात आले, तेव्हा तिच्या अर्जावर २०१६ मध्ये दीड लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ मध्ये अशी सक्ती करण्यास मनाई केली. जपानमध्येही २०१९ मध्ये स्त्रियांनी याच प्रश्नावर चळवळ उभारली. एकीला टाच काढण्यासाठी झगडावे लागते, दुसऱ्याला ती घालण्यासाठी. वरकरणी या दोन मागण्या परस्परविरोधी दिसतात, परंतु दोघांचे मागणे एकच आहे : आमच्या पायात काय असावे हे आम्हाला ठरवू द्या. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात वेशाद्वारे होणारी लिंगभावाची अभिव्यक्ती ही संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या कक्षेत आणली. कायद्याने आपले काम केले आहे. तथापि रस्त्यावरची नजर कोणत्याही न्यायालयाच्या आज्ञेत नसते. ती ज्याची त्यानेच आवरायची असते.

कोणी कोणती पादत्राणे घालावीत, हा एरवी राष्ट्रीय महत्त्वाचा विषय नव्हे. परंतु निरुपद्रवी वेगळेपण पाहून समाज काय करतो, यावरून त्याच्या मनाचा मोठेपणा मोजता येतो. टाच घालून चालणाऱ्याने कोणाचे काही हिरावून घेतलेले नसते, कोणाचा मार्ग अडविलेला नसतो. त्याला आपल्या कौतुकाची गरज नाही, अनुकरणाची तर नाहीच. त्याची अपेक्षा इतकीच की आपण त्याच्या पायांकडून नजर उचलून चेहऱ्याकडे पाहावे आणि इतर कोणत्याही पांथस्थाला द्यावी तशी त्याला वाट द्यावी.