हसू आणि हसे

१६ डिसेंबर २०२५ या दिवशी इंग्लंडमधील कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन यांच्या जन्मास अडीचशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त त्यांच्या देशात सोहळे झाले. जुन्या तऱ्हेचे झगे आणि बॉनेट घालून लोक बाथ शहराच्या रस्त्यांवरून हौसेने मिरवले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे नाव कॉलेजातील पाठ्यपुस्तकामुळे माहीत असेल, आणि पाठ्यपुस्तकामुळेच त्यांनी ते पुन्हा कधी हाती घेतले नसेल. ज्या पुस्तकावर परीक्षा द्यावी लागते त्या पुस्तकाशी मैत्री होणे कठीण. म्हणून आज, सोहळ्यांचा गलबला ओसरल्यावर, या बाईंविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

ऑस्टिनबाई जगल्या तो काळ नेपोलियनच्या लढायांचा. त्यांचे दोन भाऊ आरमारात होते. तरीही त्यांच्या कादंबऱ्यांत तोफेचा आवाज येत नाही. खेडेगावातील चार घरे, चहाची आमंत्रणे, मुलींची लग्ने, कोणाचे वार्षिक उत्पन्न किती आणि कोण कोणाकडे आधी भेटीला गेले, एवढाच त्यांचा प्रांत. काही टीकाकारांस तो फार लहान वाटतो. परंतु ज्यांच्या तीनचार पिढ्या एकाच वाड्यात नांदल्या आहेत, त्यांना तो लहान वाटण्याचे कारण नाही. घर लढाईने क्वचित मोडते. वाटणीने, मानपानाने आणि जिभेने मात्र नेहमी मोडते.

वाटणीचेच उदाहरण घ्या. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही १८११ मध्ये निघालेली त्यांची पहिली छापील कादंबरी. तिच्या आरंभी एक गृहस्थ मृत्युशय्येवर आपल्या मुलाकडून वचन घेतो, की सावत्र आई आणि तिच्या तीन मुली यांना अंतर देऊ नकोस. मुलगा दुष्ट नाही. प्रत्येक बहिणीला हजार हजार, म्हणजे एकंदर तीन हजार पौंड द्यावेत असे तो मनाशी ठरवतो, आणि स्वतःच्या औदार्याने त्याला गहिवरून येते. मग नवराबायकोचे बोलणे होते. एवढी रक्कम म्हणजे आपल्या लहानग्याच्या तोंडचा घास, असे बायकोचे म्हणणे पडते. बरे, मग पाचशे पाचशे पुरेत. की त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर पौंडांची नेमणूक करावी? छे, नेमणूक बांधून दिली की माणसे मरायचे नाव घेत नाहीत. मग अधूनमधून पन्नास पौंड धाडावेत. शेवटी ठरते ते असे, की घर बदलताना सामान हलवायला हात लावावा आणि हंगाम आला की मासळी व शिकार भेट पाठवावी. एवढ्याने वडिलांना दिलेले वचन पाळल्यासारखे होते!

या संभाषणात कोणी आवाज चढवत नाही, कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येक पायरी अगदी समंजस आहे. जिना तेवढा खाली उतरतो आहे. वाईट कृत्य करण्यासाठी माणसाला वाईट व्हावे लागत नाही, थोडी सोय आणि होकार भरणारा एक सोबती असला की पुरे, हे या बाईंनी अवघ्या काही पानांत दाखवले. वाचताना आपण हसतो. हसता हसता आपल्याच घरातील एखादे जुने बोलणे आठवते, आणि हसू जरा आवरते.

परंतु दुसऱ्याचे पितळ उघडे पाडणे हे शहाणपणाचे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे त्यांनी 'एमा' या कादंबरीत केले, आणि आजचे आमचे लिहिणे त्यासाठीच आहे.

'एमा' १८१५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. एमा ही हायबरी गावातील सर्वांत बड्या घराण्यांपैकी एका घरची मुलगी. वय एकविसाच्या आतबाहेर, रूप आहे, पैसा आहे, बुद्धीही आहे. त्याच गावात मिस बेट्स म्हणून एक प्रौढ कुमारिका राहते. तिचे वडील गावचे धर्मोपदेशक होते. ते गेले आणि दिवस पालटले. आता अतिवृद्ध आईला घेऊन ती एका घराच्या माडीवर भाड्याने राहते. मनाने निर्मळ, कोणाचे वाईट चिंतणार नाही. पण बोलण्याला ना आरंभ ना शेवट. एका चष्म्याच्या खिळ्यावरून सुरुवात झाली की भाजलेल्या सफरचंदापर्यंत सगळा गाव फिरून येते. वाचक तिला हसतो. लेखिकेने त्याला हसवलेलेच असते.

मग ही मंडळी बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर वनभोजनाला जातात. ऊन चढलेले, सर्वांना कंटाळा आलेला. एक तरुण गंमत काढतो: प्रत्येकाने एमाच्या करमणुकीसाठी एक फार चतुर वाक्य बोलावे, नाहीतर बऱ्यापैकी दोन, नाहीतर अगदी कंटाळवाणी तीन. मिस बेट्स आनंदाने म्हणते, मला तीन कंटाळवाणी जमतील, मी तोंड उघडले की ती आलीच! एमाला राहवत नाही. ती मोठ्या अदबीने म्हणते की अडचण एवढीच आहे, एका वेळी तीनच बोलता येतील.

मिस बेट्सला अर्थ लागायला क्षणभर वेळ जातो. मग तिच्या चेहऱ्यावर किंचित लाली येते. ती रागावत नाही. आपण फार नकोशा होत असू, नाहीतर इतक्या जुन्या मैत्रिणीला ती असे बोलली नसती, एवढेच ती शेजारच्या गृहस्थाला सांगते. खेळ पुढे चालू होतो.

परतताना गाडीपाशी नाइटली हा कुटुंबाचा स्नेही एमाला गाठतो. त्याच्या बोलण्याचा भावार्थ असा: ती श्रीमंत असती, तुझ्या बरोबरीची असती, तर मी एक शब्द बोललो नसतो. पण ती गरीब आहे, आणि पुढे आणखी गरीब होणार आहे. तिने तुला लहानाची मोठी होताना पाहिले. एके काळी तिने तुझी विचारपूस करावी हाच तुझा मान होता. एमाला उत्तर सुचत नाही. घरी जाताना वाटभर तिचे डोळे वाहत असतात.

विनोदाचे सारे नीतिशास्त्र या एका प्रसंगात आहे असे आम्ही मानतो. विनोद खरा होता की नाही, हा प्रश्न नाही. तो खराच होता, म्हणून तर लागला. प्रश्न एवढाच की ज्याच्यावर तो केला त्याला उलट बोलण्याची सोय होती काय. सोय असेल तर ती थट्टा. नसेल तर तिला काय म्हणावे ते ज्याने त्याने ठरवावे.

ही दृष्टी ऑस्टिनबाईंना जन्मतः मिळाली होती असे मात्र नव्हे. १७९८ मध्ये, बावीस वर्षांच्या असताना, बहिणीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी एका ओळखीच्या बाईला झालेल्या मृत अपत्यावर, तिच्या नवऱ्याच्या रूपाचा हवाला देऊन, विनोद केला आहे. तो आजही वाचवत नाही. मधल्या वर्षांत काय घडले ते चरित्रांत नोंदलेले आहे. १८०५ मध्ये त्यांचे वडील वारले. वडीलही धर्मोपदेशकच होते. आई आणि दोघी अविवाहित मुली यांची जबाबदारी भावांवर आली. भावांनी आपसांत वर्गणी ठरवून त्यांचा खर्च चालवला. काही वर्षे बिऱ्हाडे बदलण्यात गेली. १८०९ मध्ये एडवर्ड या सधन भावाने चॉटन गावातील आपल्या मालकीचे एक घर त्यांना राहायला दिले. 'एमा' तेथेच लिहिली गेली. म्हणजे धर्मोपदेशकाची अविवाहित मुलगी, वृद्ध आईसह, दुसऱ्याच्या आधाराने राहणारी, ही ओळख जितकी मिस बेट्सची तितकीच ती लिहिणाऱ्या बाईंची होती. त्यांची जीभ एमाची होती आणि घर मिस बेट्सचे. दोन्ही टोके एकाच माणसात असल्यावाचून तो टेकडीवरचा प्रसंग लिहून होत नाही, असे आमचे मत आहे.

येथवर 'आम्ही' म्हणून लिहिले. संपादकीयाचा तो रिवाज आहे. पण कबुली द्यायची असेल तर अनेकवचनाच्या आड उभे राहणे बरे नव्हे.

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या माडीवर, जिन्यालगतच्या खोलीत, दूरच्या नात्यातील एक मावशी राहत असत. वैधव्य लवकर आलेले, मूलबाळ नाही. पुतण्याची मनिऑर्डर आणि घरोघरच्या पापड-लोणच्यांना लावलेला हात, यांवर त्यांचे चाले. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्ररात्र उशाशी त्याच बसल्या होत्या. बोलण्याची मात्र त्यांना फार हौस. लहानपणी पाहिलेली दसऱ्याची स्वारी सांगायला लागल्या की हत्तीच्या झुलीवरून माहुताच्या बायकोवर, तिच्या नथीवरून सोनाराच्या पेढीवर, आणि पेढीवरून त्या साली आलेल्या पुरावर जात. स्वारी राजवाड्याच्या दरवाजाबाहेर कधी पडलीच नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. 'एमा' आम्हांला अभ्यासाला होती. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून मी ती दोनदा वाचली होती, आणि बॉक्स हिलच्या प्रसंगावर लांबलचक उत्तर लिहून चांगले गुणही मिळवले होते. त्याच वर्षी कोजागरीला गच्चीवर सगळे जमले. मावशींनी स्वारी सुरू केली. पाहुणे होते, कॉलेजातील मित्र होते. मी म्हणालो, "मावशी, हत्ती दाराबाहेर पडेपर्यंत पुढची कोजागरी येईल. तोवर दूध आटत ठेवू का?"

गच्ची हसली. मावशीही हसल्या. म्हणाल्या, "खरं रे बाळा, फार बोलते मी." मग उठून त्यांनी सर्वांचे पेले भरले. माझ्या पेल्यात साय जास्त होती.

रात्री अंथरुणे घालताना आई एवढेच म्हणाली, "वर जाऊन ये." मी म्हटले, उद्या जातो. उद्या कॉलेज होते, परवा आणखी काही होते, आणि मग इतके दिवस गेले की आता विषय काढणेच विचित्र दिसेल असे मी स्वतःला पटवले. तीन हजार पौंडांची मासळी झाली ती अशीच. फाल्गुनात पुतण्या येऊन मावशींना आपल्या गावी घेऊन गेला. आषाढात त्या गेल्याचे पत्र आले. पुढच्या कोजागरीला दूध आटले. हत्ती दरवाजातच राहिला.

एमात आणि माझ्यात फरक आहे तो येथे. चूक दोघांनीही केली, आणि तिची चूक माझ्याहून लहान नव्हती. पण ती दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माडीचा जिना चढून गेली. तिला तेथे कोणी क्षमेचा समारंभ करून दाखवला नाही. मिस बेट्स नेहमीपेक्षा अधिकच कृतज्ञ होती, आणि त्या कृतज्ञतेनेच एमाला अधिक लागले. तिने मिस बेट्सच्या आजारी भाचीसाठी आरारूट पाठवले, ते परत आले. तरीही ती जायची थांबली नाही. ऑस्टिनबाईंचे शहाणपण मला आता असे दिसते: माणूस चुकणार हे त्यांनी गृहीत धरले आहे, त्यांचे लक्ष असते ते जिना चढायला तो किती वेळ लावतो याकडे.

मग पुस्तक वाचून उपयोग काय, असे कोणी विचारील. परीक्षेत गुण मिळवलेल्या माणसाने हा प्रश्न टाळू नये. पुस्तकाने माझी जीभ आवरली नाही हे खरे. परंतु आपण केले त्याला 'गंमत' हे नाव देऊन झोपी जाण्याची सोय त्याने कायमची काढून घेतली. एवढे झाले तरी पुस्तकाने पुष्कळ केले.

विनोद बंद करावा असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे या शहराला शोभणारही नाही. याच बडोद्यात कॉलेजात पाली शिकवता शिकवता चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी चिमणराव उभा केला. तो आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. तेथे हसे होते ते सांगणाऱ्याचे, आणि हसू मिळते ते सर्वांना. दुसऱ्याचे हसे करून मिळवलेले हसू आणि हे हसू यांत अंतर आहे, आणि ते आपल्या घरांना पूर्वी कळत असे.

आता वाडे पडले, माड्या गेल्या. मावशा मात्र गेलेल्या नाहीत. कोणी सोसायटीच्या बाकावर बसतात, कोणी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पहाटे पाचला लांबलचक मजकूर धाडतात. त्याखाली एखादा हुशार तरुण एक ओळ टाकतो, पाठोपाठ हसरे चेहरे उमटतात. मावशीसुद्धा एक हसरा चेहरा पाठवतात आणि मग चार दिवस काही लिहीत नाहीत.

ज्यांच्या घरी असा जिना अजून चढायचा राहिला असेल, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आधी तो चढावा. संपादकीय उद्याही वाचता येईल.