मानवतचा खटला आणि फाशीचा दोर

नरबळीची वा गुप्तधनाची वार्ता उठली की परभणी जिल्ह्यातील जुनी माणसे अद्यापही मानवतचे नाव घेतात. 1972 ते 1974 या काळात तेथे अजाण मुली व स्त्रिया एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधनाचा लोभ आणि अपत्यप्राप्तीची आशा यांपायी हे बळी दिले गेले, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. आज सोनपेठच्या पारावर अशा गुन्ह्याची चर्चा निघाली, तर भर चौकात फाशी हाच उपाय सुचविला जाईल. ज्यांची लेक गेली त्यांच्या संतापाची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या खटल्याचे पुढे काय झाले, हेही विचारावयास हवे.

तो खटला मुख्यतः माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. साथीदाराच्या साक्षीवर आरोपीला दोषी ठरविणे कायद्याने निषिद्ध नसले, तरी महत्त्वाच्या बाबतीत स्वतंत्र पुष्टी मिळाल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये याच प्रकरणी स्पष्ट केले. कट रचल्याचा आरोप ज्या दोघांवर होता ते अखेर सुटले; ज्यांनी प्रत्यक्ष घाव घातले त्यांच्यापैकी काहींची फाशी कायम झाली. न्यायालयाचे चुकले असे आमचे म्हणणे नाही. उपलब्ध पुराव्यावर दुसरा निर्णय संभवत नव्हता. तथापि दोर हातापर्यंत पोहोचतो, त्या हाताला चालविणाऱ्या डोक्यापर्यंत तो पोहोचेलच असे नाही, आणि अंधश्रद्धेपर्यंत तर मुळीच नाही. एरवी नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला 2013 मध्ये, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, करावा लागला नसता.

याहून गंभीर प्रश्न प्रमादाचा आहे. महाराष्ट्रातील एका हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी ठोठावली. त्यांतील तिघांची शिक्षा उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती, तीही वाढविली. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता, तर ही भरपाई कोणाच्या हाती ठेवली असती?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग गुन्हेगार मोकळा, हा समज फाशीच्या मागणीचे मोठे बळ आहे. आणि तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्य, हे गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात 1961 सालीच ठरले. चौदा वर्षे ही गंभीर गुन्ह्यांत सुटकेचा विचार करण्यापूर्वीची किमान मर्यादा असून ती 1978 च्या दुरुस्तीने आली. 2008 पासून तर सवलतीविना दीर्घ वा आजन्म कारावासाचा तिसरा मार्गही न्यायालयांपुढे आहे. समाजाला नराधमापासून संरक्षण हवे असेल तर ते येथे मिळते, शिवाय चूक उमगल्यास तुरुंगाचे दार उघडता येते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काही गुन्ह्यांसाठी नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंत कारावास असे शब्द स्पष्टपणे घातले, हे योग्यच झाले. मात्र फाशीपात्र गुन्ह्यांची यादी त्याच संहितेने वाढविली. ती आधी कमी करावी, आणि जिल्हा न्यायालयात निर्धन आरोपीच्या शिक्षेवर युक्तिवाद करावयास जाणता वकील पहिल्या दिवसापासून द्यावा.