नैरोबीतल्या तीन गिटारी आणि आमची चकली

मागच्या गणपतीत आमच्याकडे लहान मुलांची भाषणं होती. माझी नात बोलता बोलता म्हणाली, "पाणी वाचवायचं तर चकली नीट बंद करा." बडोद्यात आमच्या घरी नळाच्या तोटीला पहिल्यापासून गुजरातीतली चकलीच म्हणतात. सगळे हसले. बाहेरगावचे परीक्षक होते, त्यांनी "मराठी अशुद्ध" म्हणून गुण कापले. यंदा पोरगी नाव द्यायला तयार नाही.

हे डोक्यात घेऊनच डिसेंबरात लेकीकडे नैरोबीला गेलो. जावईबापूंनी एका संध्याकाळी काँगोची रुंबा वाजवणाऱ्यांच्या कार्यक्रमाला नेलं. मला वाटलं, नुसता ढणढणाट असणार. पण सुरुवात संथ, आपल्या भावगीतासारखी. मग गायक मागे सरले आणि तीन गिटारी पुढे आल्या. एक ठेका धरून, दुसरी मधे तोच तुकडा फिरवत, तिसरी वरच्या पट्टीत नुसती खळखळ! या भागाला सेबेन म्हणतात आणि तो नाचण्यासाठीच असतो. हिने कोपर मारलं तरी मी उठलोच.

आता हे संगीत अस्सल कुठलं, सांगा बघू. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर ताल क्यूबात गेले. तिथे स्पॅनिश गाण्यात मिसळले आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून परत काँगोत आले. सुरुवातीला तिथले गायक अर्थ न कळता स्पॅनिशसारखे शब्द म्हणत. पुढे लिंगालात गाऊ लागले, पियानोचं काम गिटारीवर आलं. फ्रँको या गिटारवाल्याने मित्रांबरोबर 1956 मध्ये ओके जाझ हा बँड काढला आणि 1989 मध्ये वारला तोवर गाजवला. बरं, लिंगाला तरी कुठे सोवळी? नदीवरच्या व्यापारात वाढलेली, फ्रेंच शब्द सर्रास. 1970 नंतर काँगोचे किती तरी वादक नैरोबीत येऊन राहिले, ते स्वाहिलीतही गाऊ लागले. सेबेन मात्र सोडला नाही. 2021 मध्ये दोन्ही काँगो देशांनी मिळून ही रुंबा युनेस्कोच्या वारसा यादीत नेली.

व्याकरण सुटलं तरी चालेल असं मी म्हणत नाही. 'ळ'चा 'ल' झाला तर मीही टोकतो. पण गायकवाडांच्या काळापासून इथे राहून, शेजाऱ्यांचे चार शब्द घेऊन आपण घरात मराठी टिकवली. त्या शब्दांवर स्टेजवर हसलं, की मूल घरी येऊन सरळ गुजरातीत नाहीतर इंग्रजीत बोलायला लागतं. माझ्या घरात हे होताना बघतोय, म्हणून लिहितोय.

यंदा परीक्षकांना आधीच सांगा, अशी चिठ्ठी मी कार्यकारिणीला दिली आहे. नातीचं नावही दिलंय, तिला न विचारता. रागावली आहे, पण काल भाषणाचा विषय कोणता म्हणून विचारत होती.