लिफ्ट किट बसवली म्हणून एसीची वॉरंटी का जावी?

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा तुडवायच्या म्हणून थार, जिम्नी किंवा गुरखा घेणारे अनेक जण लगेच गाडीची उंची वाढवतात, मोठे टायर चढवतात, एलईडी बार लावतात. पुढे एसी गार हवा देईनासा झाला की सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळू शकते, 'गाडीत बदल केलेत, वॉरंटी लागू नाही.' कॉम्प्रेसरचा टायरशी काय संबंध? माझ्या मते बदलामुळे जो भाग बिघडला, त्याचीच वॉरंटी जावी. आणि तो संबंध दाखवण्याची जबाबदारी दावा नाकारणाऱ्याची असावी.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. थारसारख्या गाडीची उंची वाढवली की पुढच्या ॲक्सलचा कोन बदलतो, सीव्ही जॉइंटवरचे रबरी बूट ताणून फाटते, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते, माती शिरते आणि वळणावर टकटक ऐकू येऊ लागते. हा खर्च कंपनीने का सोसावा? पण हे फाटलेले बूट डोळ्यांना दिसते, त्याचा फोटो निघतो. म्हणजे कारण असेल तिथे ते दाखवणे अवघड नसते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तेव्हाही हेच बजावले होते : बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष कामाने जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि तो आदेश दुरुस्तीबद्दलचा होता, बदलांबद्दलचा नव्हे. तरी तर्क इथेही तंतोतंत लागू पडतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीशी विसंगत बदलांना मनाई करते, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचा हिशेब आरटीओकडे द्यायचा. नियमबाह्य टायरमुळे कारखान्यातून सदोष आलेला कॉम्प्रेसर निर्दोष ठरत नाही. ग्राहक आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, मात्र त्याचे शुल्क आधी तक्रारदारालाच भरावे लागते. एका सुट्या भागासाठी एवढी पायपीट कोण करणार? म्हणून निकाल सर्व्हिस सेंटरमध्येच लेखी मिळायला हवा. कोणता भाग, कोणता बदल आणि दोहोंचा संबंध काय, हे जॉबकार्डावर फोटोसह नोंदवावे. ग्राहकानेही केलेले बदल लपवू नयेत. दाव्याच्या आदल्या दिवशी जुने टायर परत चढवून गाडी नेणारे इतरांच्या खऱ्या दाव्यांवरही संशय ओढवून घेतात.