लोभाचे कर्ज कोणी फेडावयाचे?

ऐपत नसलेल्या माणसाने कर्ज घेतले आणि ते बुडाले, म्हणजे सारा दोष त्याच्याच माथी मारावयाचा, ही जगाची जुनी रीत आहे. २००८ साली अमेरिकेत जे आर्थिक अरिष्ट कोसळले त्याविषयीही असेच बोलले गेले. गरिबांनी, विशेषतः कृष्णवर्णीयांनी, अंथरुणाबाहेर पाय पसरले म्हणून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, असे सांगण्यात आले. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

प्रथम इतिहास पाहावा. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ह्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले. कर्ज देण्यास धोक्याच्या ठरविलेल्या वस्त्या त्यांत तांबड्या रंगाने दाखविल्या होत्या. आणि कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या तांबड्या रंगाखाली गेल्या. तेथील माणूस कितीही कष्टाळू व सचोटीचा असो, बँकेचे दार त्यास बंदच राहिले. हा भेदभाव १९६८ साली कायद्याने निषिद्ध ठरला.

परंतु पुढे ह्याच वस्त्या धनकोंना एकाएकी प्रिय झाल्या. दलाल तेथे गिऱ्हाईक शोधीत फिरू लागले. पहिली दोन वर्षे व्याज थोडे, नंतर भरमसाट, अशी कर्जे गळ्यात बांधण्यात आली. मिळकतीचा पुरावा मागण्याचीही पुष्कळदा कोणास गरज वाटेना. स्वस्त कर्जास जे पात्र होते त्यांनाही महाग कर्जाकडे वळविण्यात आले. कंट्रीवाइड ह्या कंपनीने दोन लक्षांहून अधिक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक ऋणकोंशी असा पक्षपात केला, हा अमेरिकन न्यायखात्याचा आरोप होता. २०११ साली ३३ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याचे कबूल करून ते प्रकरण मिटविण्यात आले. काल ज्यास दाराशी उभे केले जात नव्हते, त्याचीच आज शिकार झाली. दोन्ही वेळां त्यास माणूस म्हणून मानलेच नाही!

भगवान बुद्धांनी लोभ, द्वेष व मोह ही अकुशल कर्मांची तीन मुळे सांगितली आहेत. येथे तिन्ही दिसतात. तांबड्या नकाशात द्वेष होता. घरांच्या किमती कधी उतरणारच नाहीत, ह्या समजुतीत मोह होता. आणि लोभास मोकळे रान मिळाले ते एका व्यवस्थेमुळे. कर्ज लिहून होताच दलालास दलाली मिळे. बँक ते कर्ज विकून मोकळी होई. विकत घेणारा अशा हजारो कर्जांचे रोखे करी. आणि रोखे विकणाऱ्यांकडूनच मोबदला घेणाऱ्या संस्था त्यांस उत्तम दर्जा देत. ऋणको बुडाला तर आपले काय जाईल, हा प्रश्न ह्या साखळीत कोणास पडला? लोभ सर्वत्रच असतो. पण परिणामाची जबाबदारी सुटली आणि समोरच्याविषयीची करुणा आटली, म्हणजे त्यास लगाम उरत नाही.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले. पुढच्याच महिन्यात बँकांना सावरण्यासाठी ७०,००० कोटी डॉलरची तरतूद मंजूर झाली. लक्षावधी कुटुंबांची घरे मात्र गेली.

ऋणकोस कर्तव्य नाही असे आम्ही म्हणत नाही. अनाथपिंडिकास उपदेश करताना भगवंतांनी ऋणमुक्तीस गृहस्थाच्या चार सुखांत गणले आहे. पण ऐपत पारखणे हा धनकोचा व्यवसाय आहे. ती न पारखता जो कर्ज देतो, त्याचे पाप ऋणकोच्या पदरात घालणे हा न्याय नव्हे.

हे दूर देशी घडले म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? २०१० साली आंध्र प्रदेशात एकाच गरीब स्त्रीस अनेक कंपन्यांनी कर्जे दिली, आणि हप्त्यांच्या वसुलीचा जाच असह्य झाल्यावर सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेतही, गृहकर्ज देणाऱ्याने ऋणकोची फेडण्याची ताकद तपासलीच पाहिजे, असा कायदा झाला.

असे कायदे हवेतच. परंतु जात वा वर्ण पाहून दार बंद करणारा आणि तेच पाहून जाळे टाकणारा, हे दोघे एकाच वृत्तीचे आहेत, हे ओळखल्याखेरीज कायदा पुरा पडणार नाही. आपल्या बंधुभगिनींनी कर्जाच्या कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक अट वाचून घ्यावी, आणि समान दराने कर्ज हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे, हे ठणकावून सांगावे.