सेवेचे दाम कोण देणार?



सासरा लकव्याने आडवा. सून पहाटे उठून त्याची कूस बदलते, अंथरूण धुते, दोन घास भरवते आणि मग कपाशी वेचायला जाते. घरी थांबावे तर मजुरी बुडते, जावे तर म्हाताऱ्याच्या पाठीला जखमा होतात. असे घर नाही, असे एकही गाव आम्हाला माहीत नाही.

सरकार म्हणते, योजना आहेत, निवडा! चला, निवडू. वय ६५च्या आत असेल तर संजय गांधी निराधार, त्यापुढे श्रावणबाळ. महिना १,५०० रुपये. दिव्यांगांना २०२५ पासून २,५००. अट काय? कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,०००च्या आत. म्हणजे दिवसाला ५७ रुपये! संजय गांधी योजनेत दिव्यांगाला ही मर्यादा ५०,००० आहे, एवढीच सवलत. तिसरी २०२४ची वयोश्री योजना. ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३,००० रुपये. काठी घ्या, चष्मा घ्या, कमोडची खुर्ची घ्या. खुर्ची आली. म्हाताऱ्याला उचलून तिच्यावर बसवणारे हात कोणत्या योजनेत मिळतात?

मेख इथेच आहे. पैसा आजाऱ्याच्या नावावर, वस्तू आजाऱ्याच्या नावावर. राबणाऱ्या बाईच्या नावावर शून्य. पुणे शहरात पैसेवाला ब्युरोतून माणूस ठेवतो, तेव्हा याच कामाला रोजचा दर असतो. आमच्या घरात तेच काम फुकट! कापसाचा उत्पादनखर्च काढताना घरच्यांचे राबणे आपण फुकट धरू देत नाही. मग ही सेवा फुकट कशी?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. 'ऐपतीप्रमाणे' अशी पळवाटही शेजारीच आहे. केरळने २००८मध्ये धोरण करून पंचायतींमार्फत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठवल्या; सेवा करणाऱ्यालाही महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व मान्य झाले.

तेव्हा आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा, तहसिलीत अर्ज द्या, पोच घ्या. मिळते ते सोडू नका. पण तेवढ्यावर गप्प बसू नका. जिल्हा बैठकीत ठराव करू आणि तो पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या टेबलावर ठेवू: भत्ता सेवा करणाऱ्याच्या खात्यात, नर्स ठरल्या दिवशी दारात, आणि ५७ रुपयांची अट रद्द.

उपकार नकोत. कष्टाचा मोबदला हवा!