मोजदाद करा!

दोस्तांनो, पोरांसाठी लिहिणं हा रिकामटेकड्यांचा चाळा म्हणणाऱ्यांना वॉल्टर डीन मायर्स दाखवा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला काळा लेखक. शाळा सुटली, सतराव्या वर्षी फौजेत गेला. मग पडेल ते काम. १९७७ साली नोकरी गेली, तेव्हापासून लिखाण हीच नोकरी. शंभरावर पुस्तकं! १९९९ च्या ‘मॉन्स्टर’चा नायक कोण? खुनाच्या खटल्यात उभा केलेला सोळा वर्षांचा काळा पोरगा.

आणि म्हणे बालसाहित्याला रंग नसतो! अमेरिकेत २०१३ साली निघालेल्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांत काळ्या माणसांवरची फक्त ९३. मायर्स २०१४ साली वारला; त्याच वर्षी मरण्याआधी त्यानं वर्तमानपत्रात जाहीर विचारलं, आमची माणसं कुठायत? आपल्या वस्तीतल्या पोरांसाठी हा सवाल कोण विचारणार? मोजा. आणि कमी पडतील ती पुस्तकं स्वतः लिहा!